मामा, गिअर गेला!

वर्षभर या पानावर आपली गाठ पडते ती साध्यासुध्या निमित्तांनी. कधी उत्तरपत्रिकेतले एखादे अफलातून वाक्य, कधी लग्नपत्रिकांतले शुद्धलेखन, तर कधी आमच्या सोसायटीच्या सभेतला वीररस. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचा निरोप आला, "या खेपेला फराळासारखे काही तरी येऊ द्या." मी चकलीवर लिहिण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण गेले पाच-सहा महिने माझ्या डोक्यात दुसरेच एक दातेरी चाक फिरते आहे आणि ते काही केल्या थांबत नाही. तेव्हा यंदा फराळाच्या ताटात मी गिअरबॉक्स वाढणार आहे. मराठीच्या मास्तराचा गिअरबॉक्सशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध ८० हजार रुपयांचा आहे.

माझी थोरली बहीण द्रोणागिरीला राहते. द्रोणागिरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तळहातावर पर्वत घेतलेले मारुतीराय उभे राहतात. उरणच्या डोंगरालाही तेच नाव आहे, आणि मारुती पर्वत नेत असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असे इकडची मंडळी सांगतात. हल्ली या भागात ओझी वाहण्याचे काम ट्रेलर करतात. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले तेव्हापासून त्यांची रांग तुटलेली नाही. चढावर लागले की ते खालच्या गिअरमध्ये असे काही कण्हतात, की ताईच्या घरी चहा पिताना कपसुद्धा बशीत थरथरतो. जानेवारी २०२४ मध्ये नेरूळची लोकल थेट उरणपर्यंत जाऊ लागली आणि माझ्या द्रोणागिरीच्या फेऱ्या वाढल्या. त्याआधी मी बसमधून या ट्रेलरांच्या मागे दीड-दीड तास बसून अख्खे प्रश्नपत्रिकेचे मसुदे तयार केले आहेत.

आमचे भाऊजी या भागात आले ते बंदराच्या कामावर. भराव घालणाऱ्या एका कंत्राटदाराकडे ते देखरेखीला होते. त्या चिखलात फिरायला त्यांनी एक जुनी जीप घेतली. सी.जे. थ्री-बी. उंच बोनेटची, दुरूनही ओळखू येणारी. मूळचे पेट्रोलचे एंजिन परवडेना म्हणून त्यांनी तिच्यात ६२ अश्वशक्तीचे डिझेल एंजिन बसवून घेतले आणि त्याच आठवड्यात आरटीओत जाऊन त्याची नोंद पुस्तकात चढवली. कागदाच्या बाबतीत भाऊजी फार कडक. गिअरच्या दांड्याची मूठ तुटली, तेव्हा त्यांनी सागाच्या लाकडाची नवी मूठ घासून तयार केली आणि तिच्यावर तिन्ही गिअरांच्या जागा पटाशीने कोरल्या. त्या जीपच्या पहिल्या गिअरला आपसूक जुळवून घेण्याची सोय नव्हती. गाडी चालती असताना तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे, मधे एंजिनचा आवाज कानाने जोखावा लागे. भाऊजी ते इतक्या सहज करत, की शेजारी बसलेल्याला गिअर बदलला हे कळतही नसे. मी एकदा प्रयत्न केला होता. ताई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली होती.

सहा वर्षांपूर्वी भाऊजी गेले. जीप इमारतीच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली उभी राहिली. ती विकायचा विषय घरात कोणी काढला नाही.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे आणि कंटेनरच्या एका यार्डात नोकरी करतो. कॉलेजात असताना तो 'बाहा' नावाच्या स्पर्धेच्या संघात होता. आपल्याकडे ही स्पर्धा २००७ पासून होते. विद्यार्थ्यांनी खडकाळ-मातकट जमिनीवर पळणारी छोटी गाडी स्वतः बांधायची असते. गंमत अशी की, एंजिन सर्वांना एकाच जातीचे, जेमतेम १० अश्वशक्तीचे. त्यामुळे सगळी अक्कल खर्च होते ती एंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचवण्यात. कित्येक संघ त्यासाठी तीनचाकी टेम्पोची गिअरबॉक्स वापरत. हे सगळे भाच्याने मला त्या वेळी तास तास समजावून सांगितले होते. पुढे तो स्वतःच ते कसा विसरला, हा या लेखाचा विषय आहे. आणि मी त्याला विसरायला मदत कशी केली, हाही.

त्याला वेड लागले ते मोबाईलवरच्या चित्रफितींनी. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांताच्या आग्नेय टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत वाळूच्या टेकड्या आहेत. ग्लॅमिस असे त्या ठिकाणाचे नाव. तिथे लोक खास वाळूत पळवण्यासाठी बांधलेल्या मोटारी घेऊन येतात. नुसत्या लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागे उघडे एंजिन, आणि मागच्या चाकांना उभी पाती असलेले टायर. आपल्या करंजाच्या होडीचे वल्हे पाण्याला लोटते, तशी ती पाती वाळूला लोटतात. पाचपाचशे, हजारहजार अश्वशक्तीची एंजिने! भाचा त्या टेकड्यांवरून उडणाऱ्या मोटारी पाहत बसे आणि ताई म्हणे, "या लोकांना घरी बोलावणारं कोणी नाही का रे?"

या वेडाचा जन्म तसा साधेपणातून झाला होता. ब्रूस मायर्स नावाच्या एका होडी बांधणाऱ्या माणसाने १९६४ साली फायबरग्लासचे एक हलके टोपण तयार केले आणि त्याखाली फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीचे एंजिन-गिअरबॉक्स बसवले. 'मायर्स मँक्स' असे त्या गाडीचे नाव. १९६७ साली त्याने आणि त्याच्या सोबत्याने ती बाहा कॅलिफोर्नियाच्या ओसाड वाटांवरून पस्तीस तासांच्या आत हाकून दाखवली, तेव्हा जग चकित झाले. आमच्या कॉलेजांच्या स्पर्धेचे नावही त्याच ओसाड प्रदेशावरून आले आहे. बीटलचे एंजिन तेव्हा चाळीस-पन्नास अश्वशक्तीचे आणि तिची गिअरबॉक्स तेवढ्याच बेताची, तेव्हा दोघांचा संसार सुखाचा होता. मग लोकांनी गाडी तीच ठेवून एंजिने वाढवायला सुरुवात केली. शंभर, दोनशे, पुढे मोटारीतले आठ सिलिंडरांचे धूड. आणि गिअरबॉक्सा फुटू लागल्या.

त्या वाळूत का फुटतात, हे मला पुढे भाच्यानेच सांगितले, पण ते इथेच सांगून टाकतो. डांबरी रस्त्यावर किंवा सैल मातीत जोर फार झाला तर टायर जागच्या जागी फिरतो, घसरतो. ते घसरणे म्हणजे घरातल्या वीजपेटीतला फ्यूज. आधी ते जाते, म्हणून बाकीचे वाचते. पण पात्यांचा टायर वाळूला घट्ट धरतो, घसरत नाही. मग एंजिनने लावलेला जोर जायचा कुठे? तो उलट गिअरच्या दातांवर येतो. शिवाय उडी मारून गाडी खाली आली, की हवेत गरगर फिरणारे चाक एका क्षणात जमिनीला चिकटते आणि तो हिसका थेट गिअरबॉक्समध्ये पोचतो. म्हणून आता तिकडे कॅलिफोर्नियात वेडल, मेंडिओला, ऑस्ट्रेलियात आल्बिन्स असे नुसत्या गिअरबॉक्साच बनवणारे कारखाने आहेत. त्यांचे दात रुंद आणि सरळ कापलेले असतात. आपल्या मोटारीतले दात तिरपे असतात ते आवाज कमी व्हावा म्हणून. सरळ दात बोंबलतात, पण शाफ्टला बाजूला ढकलत नाहीत. अशी एकटी गिअरबॉक्स आपल्याकडच्या एका नव्याकोऱ्या मोटारीच्या किमतीत पडते. तिकडचे जाणते लोक म्हणे आधी गिअरबॉक्सची किंमत विचारतात आणि उरलेल्या पैशात एंजिन बसवतात.

आमच्या भाच्याने नेमके उलट केले. गेल्या वर्षी गणपतीनंतर तो माझ्याकडे आला. २०१० साली महिंद्राची 'थार' आली, तिच्या डिझेल एंजिनाच्या जातीचे एक जुने एंजिन त्याला मिळत होते. अडीच लिटरचे, टर्बोचे, १०५ अश्वशक्तीचे. बाबांच्या जीपमध्ये ते बसवायचे आणि ती पुन्हा चालती करायची.

"ताईला सांगितलंस?"

"सरप्राइज आहे मामा."

त्याने ८० हजार मागितले. मी दिले. भाऊजींची जीप पुन्हा सुरू होणार, या विचाराने मला जरा भरूनही आले होते, हे कबूल करतो. ताईला हे आपण दोघांनी मागाहून सांगू, असे ठरले. मागाहून म्हणजे कधी, ते ठरले नाही.

दोन महिन्यांनी तो परत आला. एंजिन बसले होते, गाडी वाऱ्यासारखी पळत होती, फक्त जुनी तीन गिअरांची पेटी या एंजिनाला पुरणार नाही असे मिस्त्री म्हणत होता. पाच गिअरांची पेटी घ्यायची तर आणखी ३५ हजार. आता वाचकहो, मी काय उत्तर दिले असेन? मी त्याला विचारले, "गाडी चालते ना?" तो म्हणाला, "चालते." मी म्हणालो, "मग चालू दे." घरी रंग काढायचा होता, मुलीच्या शिकवणीची फी भरायची होती, आणि खरे सांगायचे तर एंजिन या शब्दाला जो भारदस्तपणा आहे तो गिअरबॉक्सला नाही. एंजिनासाठी पैसे दिले, असे माणूस चारचौघांत सांगू शकतो.

ताईला सरप्राइज मिळाले ते एका सकाळी जीपचा आवाज ऐकून. ती गॅलरीत आली, बराच वेळ खाली पाहत राहिली. मग एवढेच म्हणाली, "आवाज वेगळा आहे रे." भाच्याने नव्या एंजिनाचे सांगितले, पैसे बोनसचे म्हणून सांगितले. मी समोर बसून पोहे खात होतो. मी पोहेच खात राहिलो.

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे उरणला पिरवाडीच्या किनाऱ्याकडे गेलो होतो. जीप वर रस्त्याशी उभी करून आम्ही बर्फाचा गोळा खात असताना खाली गलका झाला. मुंबईकडचे एक कुटुंब आपली नवी मोटार थेट ओल्या वाळूत घेऊन गेले होते आणि ती रुतली होती. चालवणारा गृहस्थ जितका अॅक्सिलरेटर दाबी तितकी चाके आपली कबर खोल खणत होती. भरती सुरू झालेली. घरातल्या आजी उतरायला तयार नव्हत्या, त्यांच्या मांडीवर डब्यांची पिशवी होती. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत तो जीपकडे पळाला होता.

टायरमधली हवा त्याने बरीच कमी केली. हे त्याचे बरोबर होते. हवा कमी केली की टायर पसरतो आणि उंटाच्या पायासारखा वाळूवर तरंगतो. दोर बांधला, चारही चाकांना जोर जोडला, खालच्या पट्टीतला पहिला गिअर टाकला. मी शेजारच्या जागेवर होतो. जीपने पुढे जोर केला, मोटार हलली नाही. पाणी त्या मोटारीच्या मागच्या चाकांना लागले. आजींनी आता आतून हाका मारायला सुरुवात केली. तेव्हा भाच्याने जीप हातभर मागे घेतली, दोर सैल केला आणि क्लच सोडून एकदम पुढे हिसका दिला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला पायाखालून आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, पण दहा सुपाऱ्या एकदम. एंजिन मोकळे ओरडू लागले आणि जीप जागच्या जागी उभी.

"मामा, गिअर गेला," तो म्हणाला. आवाज अगदी शाळकरी मुलाचा झाला होता.

किनाऱ्यावर होड्या ओढून घेणारे चार-सहा कोळी हे पाहत होते. त्यांतला एक वयस्कर माणूस येऊन म्हणाला, "बाला, दम खा जरा. रेतीशी मारामारी नाय करायची." त्यांनी आधी आजींना उतरवले, डब्यांसकट. मग मोटारीच्या चाकांपुढची वाळू हातांनी उकरली, तिच्याही टायरमधली हवा सोडली, चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि होडीचा जाड दोर बांधून, ताण धरून, एका तालात, जराही हिसका न देता ती वर काढली. वीस मिनिटे लागली. सहाजणांची शक्ती कितीशी? पण तिच्यातला थेंब वाया गेला नाही. मग त्यांनी आमची जीपही काढली. तोवर तिच्या चाकांच्या तुंब्यांपर्यंत खारे पाणी आले होते.

ट्रॅक्टरला बांधून जीप रात्री दहाला द्रोणागिरीला आली. ताई खाली उभी होती. मुलगा आणि भाऊ दोघांचे हातपाय शाबूत आहेत हे तिने दिव्याच्या उजेडात पाहून घेतले. मग विचारले, "एंजिनचे पैसे कुणी दिले होते?" मला वाटते, तिला पोह्यांच्या दिवशीच कळले होते.

दुसऱ्या रविवारी मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडली. काळ्या तेलातून त्याने एकेक दात काढून वर्तमानपत्रावर मांडला. पहिल्या गिअरला जोर देणारे जे चाक असते त्याचे लागोपाठ तीन दात गेले होते आणि त्यांचे तुकडे इतर चाकांत अडकून त्यांच्याही कडा उडाल्या होत्या. आमच्या पारिभाषिक कोशात गिअरला 'दंतचक्र' म्हणतात. तो शब्द मी वर्गात अनेकदा थट्टेवारी नेला आहे. त्या दिवशी तो अगदी बरोबर वाटला.

मग मिस्त्रीने एक दात उचलून माझ्या हातात दिला. "सर, हा पाहा. हा आजचा नाही." दाताच्या तुटलेल्या पृष्ठभागाचा थोडा भाग खडबडीत, साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. तो त्या संध्याकाळी तुटलेला. पण बाकीचा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर एकामागोमाग एक बारीक वळणदार रेषा होत्या. ओहोटीचे पाणी मागे सरताना वाळूवर सोडून जाते तशा. भाचा म्हणाला, या रेषांना इंजिनिअर लोक 'बीच मार्क' म्हणजे किनाऱ्याच्या खुणाच म्हणतात. धातूला एकदा बारीक चीर पडली की प्रत्येक ओझ्यागणिक ती केसभर पुढे सरकते, आणि तिचे सरकणे-थांबणे असे रेषारेषांनी लिहिलेले राहते. शेवटी उरलेला भाग ओझे सोसू शकत नाही आणि एका क्षणात जातो. तो क्षण लोकांच्या लक्षात राहतो. चीर मात्र केव्हाची असते.

"किती जुनी?" मी विचारले.

"ते नाही सांगता येत. दोन महिन्यांची असेल, वीस वर्षांचीही असेल."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहायला थोडे धैर्य लागते आहे. मला 'वीस वर्षे' हे उत्तर फार सोयीचे होते. ताईला जाऊन सांगावे, की अगं, ही चीर भाऊजींच्या काळातलीच; बंदराच्या चिखलातून त्यांनी इतकी वाहने ओढून काढली, तेव्हाच पडली असणार. ती हळवी होईल, भाच्यावरचा राग जाईल, माझ्यावरचाही जाईल. मी ते वाक्य मनात जुळवलेसुद्धा होते, व्याकरणशुद्ध. पण मी त्याआधी मिस्त्रीकडून साधा हिशेब समजून घेतला होता. जीपचे जुने पेट्रोलचे एंजिन जेवढा पीळ देई त्याच्या दीडपटीहून अधिक हे टर्बो देते, आणि भाऊजींनी बसवलेल्या डिझेलच्या तर दुप्पट. आठ महिने रोज दुप्पट ओझे, वर सैल दोराचे तीन हिसके. चीर कुणाच्याही काळातली असो, तिला पळवले आम्ही. मी ताईला जे होते तेच सांगितले. तिने दात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे तुला आधी सांगितलं होतं की पेटी पुरणार नाही." मी मान हलवली. गणिताच्या बाईंपुढे आयुष्यात मी इतका गप्प बसलो नव्हतो.

त्यात कायद्याचीही भर पडली. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचे ५२वे कलम. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या गोष्टी बनवणाऱ्या कंपनीने ठरवल्याहून वेगळ्या होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितले आहे. भाच्याने नवे एंजिन पुस्तकात चढवलेच नव्हते. ज्या जीपचा मालक एंजिन बदलल्याच्या आठवड्यात आरटीओत जाऊन उभा राही, तीच जीप आठ महिने खोट्या क्रमांकावर रस्त्यावर फिरत होती. हे ऐकल्यावर ताईने निकाल दिला. "ते एंजिन काढ. यांचं होतं ते बसव." जुने एंजिन मिस्त्रीच्या शेडमध्ये गोणपाटाखाली होते, हे सुदैव.

"आणि पेटी?" भाच्याने विचारले.

इथे मला माझ्या अज्ञानात एक मोलाची गोष्ट सापडली. भाचा एका संध्याकाळी जीपचा इतिहास सांगत होता. दुसऱ्या महायुद्धातली विलिस कंपनीची जीप १९४१ पासून निघू लागली. एंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे, दणकट. पण तिची टी-८४ नावाची गिअरबॉक्स नाजूक. युद्ध संपत आले तेव्हा १९४५ साली कंपनीने शेतकऱ्यांसाठी हीच जीप काढायची ठरवली. आता तिला नांगर ओढायचा होता. तेव्हा कंपनीने काय बदलले? एंजिन मुळात तेच ठेवले. गिअरबॉक्स बदलून अधिक भक्कम टी-९० आणली, खालची पट्टी १.९७ ची २.४६ केली, आणि चाकांच्या धुऱ्यातले प्रमाण ४.८८ चे ५.३८ केले. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली. भाऊजींच्या जीपमध्ये मोडली ती हीच टी-९०. तीही एके काळची सुधारलेली पेटी होती, तिच्या काळच्या एंजिनासाठी.

मी आकडे कागदावर मांडून घेतले. मराठीचा मास्तर असलो तरी गुणाकार येतो. गिअरबॉक्स म्हणजे चिल्लर घेऊन नोटा देणारा दुकानदार. एंजिन भराभर फिरते, पण त्याच्या एकेका फेऱ्यात जोर थोडा. गिअर फेऱ्यांची चिल्लर घेतो आणि जोराची नोट देतो. टी-९० चा पहिला गिअर २.८ चा. खालची पट्टी २.४६, धुरा ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे एंजिनाचे ३७ फेरे झाले की चाक एकदा फिरते. पाच गिअरांच्या पेटीचा पहिला गिअर साडेतीनच्या वर असतो. बाकी सगळे तसेच ठेवले तरी गुणाकार पन्नासाच्या आसपास जातो. त्याच ६२ अश्वशक्तीच्या एंजिनात चाकापाशी चतुर्थांशाहून अधिक जोर वाढला, आणि एंजिनाला आपण बोटही लावले नाही!

"मग ८० हजारांचं एंजिन कशाला घेतलंस रे?" मी विचारले.

"मामा, दिलेस तू."

पाच गिअरांची पेटी घ्यायचे ठरले. पैसे ताईने दिले, आणि आपला हिशेब माझ्या हिशेबापासून वेगळा ठेवला. काम वाटले त्यापेक्षा किचकट निघाले. एंजिन आणि नवी पेटी यांची भोके जुळेनात, म्हणून लेथवाल्याकडून मधे बसवायची लोखंडी चकती कापून घ्यावी लागली. ती केसभर वाकडी झाली असती, तर क्लचपासून सगळे लवकर झिजले असते. मग नवी पेटी लांबीला जास्त. या जीपच्या पुढल्या-मागल्या चाकांत अंतर अवघे ८० इंच. पेटी मागे सरकली तसा मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड झाला, आणि आखूड झाला म्हणून त्याचा उतार तीव्र झाला. त्याच्या टोकांच्या सांध्यांना, मिस्त्रीच्या भाषेत क्रॉसना, इतका कोन सोसत नाही. मग पेटीचा पाळणा थोडा खाली घ्यावा लागला. एक मजबूत केले, की पुढचे दुबळे उघडे पडते. मिस्त्री त्याला कंटाळला नाही. "ते असंच असतं सर," म्हणाला, "शेवटी टायरपर्यंत पोचलो की झालं." टायर घसरला तर बिघडत नाही, उलट घसरलाच पाहिजे, हे एव्हाना मलाही समजू लागले होते.

नोंदणीपुस्तकात एंजिनाचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी मी भाच्याला बजावले, की आरटीओत विचारून घे आणि मगच गाडी रस्त्यावर काढ. तो गेला, दोन खेपा घातल्या. टर्बो एंजिन विकायला काढले आहे. ६० हजारांच्या पुढे कोणी जात नाही. उरलेल्या २० हजारांविषयी आमच्या घरी सध्या बोलले जात नाही, पण दिवाळीत नव्या साडीचा विषय निघाला तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहून "राहू दे, गाडीचं बघा आधी," असे म्हटले, त्याचा अर्थ समजायला काव्यशास्त्राची गरज नव्हती.

दसऱ्याला जीपची पूजा झाली. ताईने झेंडूची माळ घातली. मग भाच्याने तिला शेजारी बसवले आणि द्रोणागिरीच्या रिकाम्या अंतर्गत रस्त्यावरून एक चक्कर मारली. मी मागे बसलो होतो. खालच्या पट्टीत पहिला गिअर टाकल्यावर जीप इतक्या सावकाश आणि इतक्या ठामपणे निघाली, की एक कुत्रे बराच वेळ आमच्याबरोबर चालत होते. जुना आवाज परत आला होता. ताई काही बोलली नाही, पण तिचा हात मांडीवर त्या तालात हलत होता.

नव्या पेटीच्या दांड्यावर भाच्याने बाबांची सागाची मूठ बसवली आहे. तिच्यावर तीनच गिअर कोरलेले आहेत. चौथा-पाचवा कोरू का, असे मिस्त्रीने विचारले होते. ताई नको म्हणाली. ते दोन तो अंदाजाने टाकतो. परवा पाचव्याच्या ऐवजी तिसरा पडला. जीपने जोरात आचका दिला आणि ताईने मागे वळून माझ्याकडेच पाहिले.